एका बाईची एकच घागर

९ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी पतसंस्थेची हाय, याच सालाची. दुकानात पडून राहिली, दिवाळी होऊन गेली तरी कोरीच. शंभुलिंगाला, म्हंजे माझ्या लेकाला, लिहायला वेळ कुठं हाय. हायवेला किराणा दुकान, एसटी थांबली की नुसती झुंबड. तर नात म्हणली, अव्वा, ही तू घे. चार बायांत बोलायचं ते पाणवठ्यावर बोल, आन बोलता येत न्हाय ते हितं लिही. मी चौथीपतूर शिकलेली. माझं अक्षर डोंगर चढल्यावानी वर वर जातं. पण वेलांट्या बघायला हितं कोण मास्तरीण बसलीय. मास्तरीण म्हणलं की मला विहीणबाई आठवतात. त्यांचं नंतर लिहिते, आधी नातीचं.

शिवांजली तिचं नाव. कॉम्प्युटरचं शिकून आली आन येरमाळ्यातच बसली, माझ्या शेजारच्या खोलीत. दिसभर बोटं चालतात. मी तिच्या कपाळाला काजळाचा ठिपका लावते, ती पुसून टाकती, मी परत लावते. तिनं फोनमधी एक पाणवठा काढलाय. नावच पाणवठा. नळावर बाया कशा बोलत बसतात, तसं तिथं बोलायचं. लांब दिलेल्या पोरी इचारतात, घरच्या म्हाताऱ्या सांगतात. बाकीच्या लिहितात, मी बटन दाबून बोलते. मग मशीन ते ऐकतं आन अक्षरात छापतं. माझं बोलणं जरा लांबतं. लोणचं सांगायला बसले आन थोरल्या जावेच्या बाळंतपणापतूर गेले. पण बायांना आवडलं, एकीनं लिहिलं की अव्वा, जावेला मुलगा झाला का मुलगी ते सांगायचं राहिलं.

गेल्या सालच्या येळवशीला मात्र फजिती झाली. येळवस म्हंजे मार्गशीर्षातली अमावस्या. रानात जाऊन ज्वारीत कडब्याची कोप म्हंजे बारकी झोपडी घालायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, पाल्याची भज्जी, ताकातली आंबील, पिठाचे उकडलेले उंडे खायचे. लांबच्या पोरींना त्या वक्ताला गावाची सय येती, आन तमाम जणी एकदमच इचारतात, आंबील कशी करू. त्या गर्दीत पाणवठा बंदच पडला. चक्र फिरतंय, फिरतंय. बाया नाराज होऊन निघून गेल्या. शंभुलिंगानं सांगून ठेवलंय, यंदाच्या येळवशीला बघायचं. परत बंद पडला तर पुरे, पुण्याची नोकरी धरायची.

आन पुण्यात राहणार कुठं? विहीणबाईकडं. माझ्या सुनेची आई, महेश्वरीबाई. सोलापुरात शाळेवर होत्या, आता पुण्याला लेकाच्या फ्लॅटात असतात. नातीसाठी एक खोली मोकळी करून ठेवलीय म्हणं.

म्हंजे पाणवठा चालला तर पोरगी माझी, बंद पडला तर त्यांची. झोप येत न्हाय ती यानं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विहीणबाईनं पाणवठ्यावर उंड्याचं लिहिलं. लगेच दिसलं. संगं फोटो, ताटात उंडे गोल मांडलेले, मधी कोथिंबिरीची काडी. उंड्यावर कोथिंबीर कोण ठेवतं? पण बायांचं वा वा सुरू. एकीनं तर लिहिलं, किती मुद्देसूद लिहिता काकू.

मुद्देसूद म्हंजे काय ते सुनेला इचारलं. ती म्हणली, फाटे न फोडता. मी पुढं इचारलंच न्हाय.

माझं हुरड्याचं बोलणं सकाळी घातलं होतं. चक्र फिरत होतं. भाकरी झाल्या, भांडी झाली, तरी चक्रच.

आन एक. शिवांजली मला तू म्हणती आन त्यांना तुम्ही. आजपतूर मला याची खुशी वाटायची, जवळचं माणूस म्हणून तू. आज वाटलं, मान तर त्यांनाच की. मग वाटलं, मला तुम्ही म्हणली असती तर मी रडले असते. मनाचं काय खरं न्हाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शिवांजली पाणवठा नव्यानं बसवायलीय. जेवताना मला समजून सांगितलं. तिला कुणाला तरी सांगितल्याबिगर घास जात न्हाय, आन ती मलाच सांगती, हे लिहून ठेवते.

म्हणली, अव्वा, आतापतूर कसं होतं, एक बाई घागर घेऊन आली की मी तिथंच भरायचे, झाकायचे, तिच्या डोक्यावर द्यायचे, वर गावभर सांगून यायचे की ही बाई येऊन गेली, आन मग पुढचीला हाक. तोवर सगळ्या उभ्या. आता बाईनं घागर ठेवायची आन घरी जायचं. मी लगेच म्हणणार, पोचली. भरायचं, झाकायचं, सांगत फिरायचं काम मागं चालू राहील. रांगेतली एकेक घागर उचलायची आन भरायची.

मी म्हणले, भरणार कोण, माणसं ठेवलीस का? ती म्हणली, मशीनच गं. दोन हायत. जास्तीची परवडत न्हायत.

मला लई आवडलं. टँकरला आमी असंच करायचो. घागर रांगेत ठेवायची आन भाकरी थापायला घरी यायचं. आमच्या पोरीनं आमचीच रीत मशीनला शिकवली म्हणून मी उठून तिची दृष्ट काढली.

पण नंतर काय झालं. संध्याकाळी ती पुण्याला फोनवर बोलत होती. मी कांदे सोलत होते, कान काय बंद करता येत न्हायत. ती म्हणली, "आजी, तुम्ही लिहिता ना, म्हणून तुमचं लगेच पुढं दिसेल. अव्वाचं मागं चालत राहील."

मागं.

कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

२३ नोव्हेंबर, रविवार

नवीन पाणवठा चालू झाला. चक्र गेलं. मी बोलून बटन सोडलं की लगेच अक्षरं आली, अव्वा, पोचलं. खाली बारीक अक्षरात, रांगेत आहे.

शिवांजली टाळ्या पिटत आली, बघ किती झटकन. झटकन खरंच हाय. पण झटकन मला रांगेतच बसवलं की. विहीणबाईला रांग न्हाय. त्यांनी लिहिलं की दिसलं. ज्याला अक्षर चांगलं त्याला नळ मोकळा, असं हाय का हे?

इचारावं वाटलं. पण मग ती म्हणली असती, अव्वा, तू जळायलीस. आन मी काय जळत न्हाय. मी नुसतं बघते.

दोन उन्हाळ्यांमागं गाव टँकरवर चालायचं तेव्हाची गोष्ट आठवली. यंदा विहीर तोंडापतूर हाय, आता पोरींना खरं वाटायचं न्हाय. रांगेत घागर एकटी ठेवली की कुणी तरी पायानं मागं सारती आन वर आपणच म्हणती, मला काय म्हाईत कुणाची हाय. म्हणून मी एक घागर कधी ठेवलीच न्हाय. मोठी घागर, बारकी घागर, कळशी, धोंडप्पाचा म्हंजे आमच्या मालकांचा जुना डबा, रंगाची बादली, सगळी मांडायचे. चार सारल्या तरी एक पुढं राहती. मालक म्हणायचे, शिवकांता, घर आपलं माणसांचं का पलटणीचं. पण पाणी भरलेलं बघून गप बसायचे.

४ डिसेंबर, गुरुवार

विहीणबाईनं खोलीचा फोटो धाडला. नवी चादर, खिडकीत तुळस, टेबलावर कॉम्प्युटरला जागा. शिवांजलीनं फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला. आईला दाखवला. मला पण दाखवला. मी म्हणले, चादर पातळ हाय, थंडी भागायची न्हाय.

आमच्या घरात तिच्या टेबलाचा एक पाय हालतो. शंभुलिंगाला कवापासून सांगायली.

१० डिसेंबर, बुधवार

खोकला. काढा घेतला. टेबलाच्या पायाखाली म्याच पाटीचा तुकडा सारला.

१७ डिसेंबर, बुधवार

परवा येळवस. पाणवठ्यावर सकाळपासनं बाया लोटल्यात. पीठ किती, ताक किती, रात्रभर ठेवू का दोन दिस. शिवांजली जेवायला बाहेर आली न्हाय, सुनेनं ताट आत नेलं.

मी म्हणले, आंबिलीचं आपण सांगायचं. विहीणबाई सोलापूरच्या असल्या तरी त्यांची आंबील पातळ असती, मी लग्नात प्यालेय. दार लावून बसले आन नीट सगळं सांगितलं. ज्वारीचं पीठ ताकात कसं कालवायचं, गुठळी राहिली तर काय, लसूण ठेचायचा का चिरायचा, बिंदग्याच्या, म्हंजे आंबिलीच्या मडक्याच्या, तोंडाला फडकं कुठलं बांधायचं. मधी माहेरची सय आली म्हणून सोनारीचं पण सांगितलं. तिथं भैरवनाथाच्या देवळात माकडं लई, एका माकडानं माझ्या हातातला उंडा नेला आन पायरीवर बसून माझ्याकडं बघत खाल्ला. मग आंबिलीवर परत आले. लांबलं असंल, फोन गरम झाला होता.

पोचलं अव्वा. रांगेत आहे.

लसूण सोलून झाला. रांगेत. भज्जीसाठी हरभऱ्याचा पाला निवडला, शेंगदाणे भिजवले. रांगेत. आन बघते तर विहीणबाईचं भज्जीचं वर दिसायलं, फोटोसकट, खाली बायांची जत्रा.

माझी घागर कुणीतरी सारली. आता कुणाला नाव ठेवायचं. मी काय केलं, तेच बोलणं परत धाडलं. पोचलं. मग आणखी एकदा. मग विळी धुतली आन आणखी धाडलं. ते हर बारीला पोचलं म्हणायलं, लई गोड वाटायलं. संध्याकाळपतूर येता-जाता मांडत राहिले. एवढ्यातली एक तरी पुढं जाईलच.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज काय झालं ते सगळं लिहिते. हात अजून पिठाचे हायत.

सकाळी पाणवठा चालू होता, पण बायांच्या घागरी भरत न्हवत्या. लिहिलेलं दिसायचं, पण कुणी बोललेलं, कुणाचा फोटो, कुणाला आलेलं उत्तर, सगळं रांगेत. पोरी लिहायल्या, कुणी हाय का, आंबील आजच लावायचीय. शिवांजलीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, लहानपणी ताप आला की बसायची तशी.

शंभुलिंग दुकानातून आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"झालं का परत?"

"बंद न्हाय पडलं, पप्पा. तुंबलंय. एकाच जागेवरनं कायतरी लई मोठं मोठं आलंय, परत परत. दोन्ही मशीन तेवढ्यातच गुतलेत."

"मग पुण्याला कळवू का?"

माझ्या हातात उंड्याचं पीठ होतं, ते मी किती मळलं मला कळलं न्हाय. उंडे चिवट झालेत त्यानं. मला वाटलं, बघा, विहीणबाईनं एवढं लिहून लिहून पाणवठाच तुंबवला, आन आता बक्षीस म्हणून पोरगी पण त्यांनाच.

शिवांजली परत कॉम्प्युटरकडं वळली. बटनं दाबली. एकदम थांबली. कान लावून कायतरी ऐकलं. मग मान फिरवून माझ्याकडं बघितलं, लई वेळ.

"अव्वा, टँकरला तू एकटीच किती घागरी मांडायचीस गं?"

आता ही काय वेळ होती का इचारायची. पण खरं ते सांगितलं. मोठी, बारकी, कळशी, डबा, बादली, आन शेजारची गावाला गेलेली असली तर तिची पण. ती हसायला लागली. हसता हसता डोक्याला हात लावून टेबलावर वाकली, टेबल हाललं न्हाय, पाटीचा तुकडा चांगला बसलाय. मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. शंभुलिंग पण बघत राहिला.

मग डोळे पुसून ती बापाला म्हणली, पप्पा, दुपारपतूर थांबा. आन कामाला लागली. मी चहा नेला, तिनं बशीत न ओतताच प्याला. म्हणली, नवा नियम घालायलेय. एका बाईची एका वेळी रांगेत एकच घागर. ती भरली की मग दुसरी. आन तीच घागर परत आणली तर उचलून बाजूला ठेवायची.

दुपारी भज्जी चुलीवर असतानाच आतून आवाज आला, सुटलं. सून पळाली, मी पळाले, शंभुलिंग दुकान सोडून आला. घागरी भरायल्या होत्या. मेरठला दिलेल्या पोरीला उत्तर गेलं, दुबईच्या पोरीला गेलं. त्यात माझी आंबील पण छापून आली, माकडासकट. शंभुलिंगानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आन तसाच दुकानाकडं गेला. त्याला बोलता येत न्हाय, बापावर गेलाय.

नियम मला बिलकूल पटला. म्या इचारलं, "एवढ्या घागरी मांडणारी कोण होती गं?"

"हाय एक म्हातारी."

"पुण्याची?"

तिनं माझ्या परातीतलं पीठ चिमटीनं तोंडात टाकलं आन गेली. व्हय म्हणली न्हाय, न्हाय म्हणली न्हाय. आजीचं नाव घ्यायला लाजली. मी काय समजत न्हाय का.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

रानात. ज्वारी कमरेला लागली, हरभरा घाटं धरायला लागलाय. कोप शंभुलिंगानं घातली, पांडवांना चुना म्या दिला. आंबिलीचं बिंदगं या वयात पण म्याच डोक्यावर आणलं, कुणाला हात लावू दिला न्हाय. शिवांजलीनं कोपीत बसून फोनवर पाणवठा बघितला, मधून मधून मला बायांच्या ताटांचे फोटो दाखवले. बऱ्याच आंबिली चांगल्या दिसल्या. दोन-तीन पातळ.

जेवताना शंभुलिंग म्हणला, पुण्याचं राहू दे आता. एवढंच म्हणला आन भज्जी वाढून घेतली. चिवट उंडे पण सगळ्यांनी खाल्ले.

तिथंच विहीणबाईचा फोन आला. शिवांजली बांधावर जाऊन बोलली. वारं माझ्याकडं होतं. "न्हाय आजी, यंदा न्हाय. हितंच राहते." नंतर म्हणली, "आजी? ऐकताय ना तुम्ही?"

परत येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणली, रडल्या वाटतं. मला म्हणाल्या, चादर घडी करून ठेवते, सुट्टीला ये.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. पण आंबील प्यायला घेतली आन वाटी अर्धीच खाली ठेवली. लसूण जास्त झाला असंल.

२१ डिसेंबर, रविवार

दोन दिस डोक्यातनं जात न्हाय. लेक-सून कामावर, ही बाई फ्लॅटात एकटी. ना नळ, ना रांग, ना भांडायला कोण शेजारीण. उंडे केले तर खायला माणूस न्हाय, मग फोटो काढायचा न्हाय तर काय करायचं. अशा बाईनं एकामागं एक घागरी मांडल्या तर कुठल्या तोंडानं नाव ठेवू. आपली घागर कुणी मागं सारती तेव्हा कसं वाटतं ते मला म्हाईत हाय. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला पण तसं वाटत असंल, हे मला आधी सुचलंच न्हवतं.

म्हणून आज म्या बटन दाबलं. जावेचं न्हाय, माकडाचं न्हाय, एकच गोष्ट बोलले.

"विहीणबाई, मी शिवकांता. पुढच्या बारीला तुमची घागर माझ्या पुढं मांडा, मी सारणार न्हाय. पण एकच मांडा."

इतकं बारकं बोलणं की रांग दिसायच्या आतच गेलं. शिवांजली खिडकीतून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावावा तशी ओढणी लावली.

संध्याकाळी उत्तर आलं. नातीनं वाचून दाखवलं, मुद्देसूद हाय म्हणून तसंच उतरवते. "विहीणबाई, घागर कोणती ते मला काही कळलं नाही. पण तुमची आंबील माझ्याकडे चार वेळा आली. चारही वेळा ऐकली. घरात कोणीतरी बोलत आहे असं वाटत होतं. माकडाने उंडा संपवला का टाकला, ते मात्र सांगितलं नाहीत."

घागर कळली न्हाय म्हणं. कबूल कुठं करणार. मी असते तर म्या पण केलं नसतं. आन चार वेळा ऐकली. एकदा ऐकून भागलं न्हाय, चार-चारदा लावून बघितलं की मी आंबिलीत असं काय घालते. जळत असणार बिचाऱ्या.

माकडानं उंडा संपवला होता. उद्या सकाळी सांगते, आत्ता माझी एक घागर रांगेत हाय.